लगाम कोणाच्या हाती?

वकिलाच्या दारी येणारा गृहस्थ बहुधा एकच प्रश्न घेऊन येतो: ‘हे कायद्यात बसते काय?’ बसते असे सांगितले की त्याचे समाधान होते आणि तो उठतो. व्यवसायातील वीसएक वर्षांत माझ्या ध्यानात आले आहे ते असे की, कायदा ‘बसते’ म्हणून जेथे थांबतो, तेथेच पुष्कळदा खऱ्या प्रश्नाला तोंड फुटते.

असाच एक प्रश्न मागल्या चतुर्थीच्या दिवसांत येथे सुरतेत माझ्यापुढे आला. तो घेऊन येणारी माणसे दोन, मामा आणि भाचा. दोघेही आपल्याच समाजातील आणि माझ्या घरोब्याचे. नावे सांगण्याचे कारण नाही. मामांचे वय चौऱ्याहत्तर. तरुणपणी ते कापडाच्या रंगाईचे रसायनशास्त्र शिकण्यासाठी अमेरिकेस गेले आणि पदवीबरोबर विमान चालविण्याचा परवानाही घेऊन परतले. पुढे पांडेसऱ्यात त्यांचा कारखाना उभा राहिला, संसार वाढला. कामानिमित्त अमेरिकेस जाणे होई तेव्हा ते एखादे उड्डाण करीत. परंतु अखेरचे उड्डाण होऊन आता तीस वर्षे लोटली. भाचा टेक्सास प्रांतात संगणकाच्या व्यवसायात आहे. तीन वर्षांपूर्वी त्याने खासगी वैमानिकाचा परवाना मिळविला आणि अलीकडे चार मित्रांत मिळून एक जुने, चार आसनांचे सेस्ना १७२ जातीचे विमान घेतले. विमान जुने असले तरी त्याच्या समोरील जुन्या तबकड्या काढून तेथे नवे संगणकी पडदे बसविलेले आहेत.

बेत असा होता की, नाताळात मामांनी टेक्सासला जावे, दोघांनी मिळून दोन तास हौसेचे उड्डाण करावे आणि खर्च निम्मा-निम्मा वाटून घ्यावा. भाचा म्हणाला, “काका, मला या पडद्यांची अजून सवय झालेली नाही. मामा शेजारी असले म्हणजे ते बाहेर लक्ष ठेवतील आणि मला निवांतपणे पडदे शिकता येतील.” मामा म्हणाले, “ते पडदे मला कळत नाहीत, पण मला कशाला कळायला हवेत? विमान हा चालविणार. मी आपला जरा सुकाणूला हात लावीन.” मामी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी पाहून दोघेही एकदमच म्हणाले, “हांव आसां न्हय!” मामींनी कप खाली ठेवला आणि विचारले, “दोगूय आसात, पूण धरतलो कोण?”

माझ्या कायद्याच्या पुस्तकांत या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत आहे. तरीही तो प्रश्न मी घरी घेऊन गेलो, आणि अद्याप तो मला सोडीत नाही. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम कायदा सांगून टाकतो. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे वैमानिकाच्या प्रमाणपत्रावर मुदत संपल्याची तारीख नसते. जुनी कागदी प्रमाणपत्रे ३१ मार्च २०१० नंतर चालेनाशी झाली, तेव्हा मामांनी प्लॅस्टिकचे नवे मागवून घेतले होते. ते त्यांनी मला मोठ्या प्रेमाने दाखविले. परंतु प्रमाणपत्र जवळ असणे आणि ते वापरण्याचा हक्क असणे या दोन गोष्टी तेथील नियम कटाक्षाने वेगळ्या ठेवतात. दर २४ महिन्यांत शिक्षकापाशी बसून किमान एक तास जमिनीवर आणि एक तास हवेत अशी उजळणी करावी लागते. उतारू बरोबर न्यावयाचा असेल तर मागल्या ९० दिवसांत निदान तीन वेळा विमान चढवून तीन वेळा उतरविलेले असावे लागते. प्रकृतीविषयीच्या अटी निराळ्या. यांतील एकही अट मामा पुरी करीत नव्हते. म्हणजे खिशात प्रमाणपत्र असूनही त्या विमानात कायद्याने ते केवळ उतारू ठरत. भाच्याच्या अटी पुऱ्या होत्या. खर्चाचे म्हणाल तर, खासगी वैमानिकाला भाडे घेऊन माणसे नेता येत नाहीत; मात्र इंधन, तेल, विमानतळाचा आकार असा त्या उड्डाणाचा खर्च बरोबरच्या मंडळींत वाटून घेता येतो. अट एवढीच की, वैमानिकाने स्वतःच्या समान वाट्याहून कमी देता कामा नये. दोघांत निम्मा-निम्मा हे त्यात नेमके बसते. आणि शेवटचा नियम असा की, विमानाचा कप्तान एकच; अंतिम अधिकार त्याचा आणि जबाबदारीही त्याचीच. आपल्याकडे १९३४ चा जुना वायुयान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून २०२४ चा भारतीय वायुयान अधिनियम आला. परंतु कायदा जुना असो वा नवा, या धंद्यातील मूळ धोरण जगभर हेच आहे.

तेव्हा बेत कायद्यात बसत होता. मी तसे सांगितले असते तर माझे काम संपले असते.

पण या नियमांच्या पोटात एक विचार आहे आणि तो आपल्या परंपरेला परका नाही. अधिकार हा शब्द आपण हल्ली हक्क या अर्थी वापरतो. ‘हा माझा अधिकार आहे’ असे म्हणताना मनात एखादा दस्तऐवज असतो: एकदा नोंदविला, शिक्का बसला, आता तो कोणी हिरावून घेऊ शकत नाही. शास्त्रांत मात्र अधिकाराचा अर्थ पात्रता असा आहे, आणि पात्रता ही कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हे. देवळातील भटजींनी लहानपणी संथा घेतली म्हणून पाठ आयुष्यभर राहत नाही. रोज म्हटला तर राहतो. विद्येचा सराव सुटला की ती विषासारखी होते, असे आपली जुनी माणसे सांगत आली. विष हा शब्द मला पूर्वी अतिशयोक्तीचा वाटे. सराव सुटला तर विद्या फार तर नाहीशी होईल, विष कशी होईल? आता कळते की, विद्या पूर्ण नाहीशी झाली असती तर भय नव्हते. विमान मुळीच न शिकलेला मनुष्य सुकाणूला हात लावणार नाही. विद्या जाते आणि ती असल्याची खात्री मात्र मागे उरते. विष आहे ते या उरलेल्या खात्रीत.

मामांनी यावर जे. आर. डी. टाटांचा दाखला दिला. तो दाखला लहान नाही. १९२९ साली भारतातील वैमानिकाचा पहिला परवाना मिळविणाऱ्या टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणून आपल्या देशातील विमान-वाहतुकीचा आरंभ केला. आणि बरोबर ५० वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, तेच कराची-मुंबई उड्डाण पुन्हा करून दाखविले. “अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते उडू शकतात, तर चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी का नाही?” असे मामांचे म्हणणे. मी त्यांना म्हटले, तुमचे वय कोणी विचारलेच नाही. टाटांनी त्या उड्डाणासाठी लेपर्ड मॉथ नावाचे त्यांच्या तरुणपणाच्या काळातील विमान निवडले होते. जे यंत्र हाताला ठाऊक होते तेच त्यांनी हाती घेतले. तुमचा बेत मात्र असा की, तीस वर्षे थांबलेला हात आणि अनोळखी फलक यांची गाठ आकाशात घालून द्यावयाची.

आता त्या नव्या फलकाविषयी. जुन्या लहान विमानात वैमानिकापुढे मुख्यतः सहा गोल तबकड्या असत. वेग, उंची, चढ-उताराची गती, दिशा, वळण, आणि विमान क्षितिजाशी किती कलले आहे ते दाखविणारे कृत्रिम क्षितिज, अशी ही सहा भावंडे. काट्यांच्या ठेवणीवरून सवयीचा डोळा क्षणात समजून घेई, जसा आपण भिंतीवरच्या घड्याळात आकडे न वाचताच वेळ समजून घेतो. २००४ च्या सुमारास गार्मिन कंपनीची जी-१००० ही यंत्रणा लहान विमानांत आली आणि तबकड्यांच्या जागी दोन मोठे पडदे बसले. त्यांवर नकाशा, हवामान, इतर विमाने, इंजिनाची प्रकृती, सारे काही एकत्र दिसते. माहितीला तोटा नाही. पण कोणती माहिती कोणत्या कळीमागे आहे, हे शिकावे लागते.

कोणालाही वाटेल की एवढे दिसू लागल्यावर अपघात कमी झाले असतील. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१० साली या प्रश्नाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पडदे असलेल्या लहान विमानांचे एकूण अपघातांचे प्रमाण जुन्या धर्तीच्या विमानांपेक्षा कमी आढळले. परंतु प्राणघातक अपघातांचे प्रमाण अधिक आढळले. यंत्र चांगले म्हणून त्याचा लाभ आपोआप होत नाही, त्या त्या यंत्राचे वेगळे शिक्षण हवे, असा त्या अभ्यासाचा रोख होता. आणि पडद्याला एक जन्मजात दोष आहे: तो डोळ्याला धरून ठेवतो. आम्हा सुरतकरांना हे समजावून सांगावयास नको. ६ नोव्हेंबर २०१४ रोजी अंधार पडल्यावर येथल्या विमानतळावरून दिल्लीस निघालेले प्रवासी विमान धावपट्टीवर वेग घेत असताना मध्येच म्हैस आली आणि विमानावर आदळली. सुदैवाने आतील कोणासही इजा झाली नाही. तेथे वैमानिकांचा काही दोष होता असे नव्हे; पण एवढे खरे की, कितीही किंमतीच्या पडद्यावर म्हैस दिसत नाही. तिच्यासाठी कोणीतरी बाहेरच पाहावे लागते.

भाच्याची योजना यावरच उभी होती. आपण आत पाहू, मामा बाहेर पाहतील. एकाचे जुने ज्ञान आणि दुसऱ्याचे नवे, दोन्ही मिळून एक पुरा वैमानिक होईल. हा हिशेब वरवर बिनचूक दिसतो आणि धोका तेथेच आहे. दोन अर्धी माणसे मिळून एक पुरा मनुष्य होतो हे अंकगणितात खरे आहे. विमानात काय होऊ शकते, ते आपल्या देशाने एकदा पाहिले आहे.

१४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचे मुंबईहून बंगळूरला निघालेले एअरबस ए-३२० जातीचे विमान धावपट्टीच्या अलीकडे खाली आले आणि त्यातील १४६ जणांपैकी ९२ जण मृत्युमुखी पडले. हवा स्वच्छ होती, इंजिने ठाकठीक होती. ही जात त्या कंपनीकडे नुकतीच आलेली, तिचे पडदे व स्वयंचलित योजना सर्वस्वी नव्या. समोरच्या दोन खुर्च्यांवर दोघेही कप्तान: एक या नव्या विमानावर कप्तान म्हणून तयार होत असलेले, दुसरे त्यांची चाचणी घेणारे. दोघेही अनुभवी, दोघेही जबाबदार. उतरताना इंजिने अगदी मंद ठेवून खाली येण्याच्या योजनेत विमान राहून गेले; वेग घटत गेला. ४०० फूट, ३०० फूट, २०० फूट असे यंत्र उच्चारीत होते. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने संभाव्य कारण नोंदविले ते असे की, प्रसंगाचे गांभीर्य वैमानिकांच्या वेळीच ध्यानात आले नाही आणि इंजिनांना जोर देण्याची कृती त्वरित झाली नाही. दोष यंत्राचा की माणसांचा, हा वाद पुढे पुष्कळ दिवस चालला आणि कंपनीची त्या जातीची विमाने काही महिने जमिनीवर उभी राहिली. त्या मृतांविषयी निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. पण तो वृत्तान्त वाचताना मला एक गोष्ट छळते. तेथे एकच माणूस असता तर वेगाकडे कोण पाहतो आहे हा प्रश्नच उद्भवला नसता. दोन समर्थ माणसे शेजारी बसली की प्रत्येकाच्या मनाचा एक कोपरा विसावतो: ‘ते आहेत ना.’

हे मी दुसऱ्यांविषयी लिहीत आहे असे वाचकांनी समजू नये. माझी स्वतःची एक कथा आहे आणि ती सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

१ जुलै २०२४ रोजी फौजदारी कायदे बदलले. दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. खुनाचे ३०२ कलम १०३ झाले, फसवणुकीचे प्रसिद्ध ४२० कलम ३१८ मध्ये गेले. चाळिशी ओलांडलेल्या आम्हा वकिलांना पुन्हा पाटी-पेन्सिल घ्यावी लागली. त्याच सुमारास अर्ज संगणकावरून दाखल करण्याची पद्धतही अंगवळणी पाडून घेणे चालले होते. अशा वेळी माझ्याकडे एका गरीब यंत्रमाग कामगाराचे प्रकरण आले. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते माझे गुरुतुल्य ज्येष्ठ वकील दहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. ते म्हणाले, “हे मी पाहतो. तू फक्त नवी कलमे आणि तो संगणक सांभाळ.” मला धन्य वाटले. त्यांना पुन्हा कोर्टात उभे पाहावयाचे होते, आणि त्यांच्या सावलीत नवे शिकून घ्यावयाचे होते. म्हणजे मीच तो भाचा होतो.

आरोपी कोठडीत असता साठ दिवसांत आरोपपत्र आले नाही तर त्या प्रकारच्या गुन्ह्यात त्याला जामिनाचा हक्क प्राप्त होतो. मात्र आरोपपत्र दाखल होण्यापूर्वी अर्ज केला पाहिजे. जुन्या संहितेत हे कलम १६७ होते, नव्या संहितेत १८७ झाले, हक्क तोच. साठ दिवस भरले. एकसष्टाव्या दिवशी सकाळी आरोपपत्र आलेले नव्हते. मला वाटले, दिवस मोजण्याचे काम गुरुजींचे. त्यांचा हात त्यात मुरलेला. त्यांना वाटले, अर्ज आता संगणकावरून जातो, तेव्हा मी तो पाठविला असेल. त्याच दुपारी आरोपपत्र दाखल झाले आणि हक्क संपला. पुढे नेहमीच्या मार्गाने जामीन होईपर्यंत तो मनुष्य आणखी २३ दिवस आत राहिला. त्याच्या पत्नीने मला दोष दिला नाही. तिला काय चुकले ते कळलेच नाही. मला कळले होते. तेवीस दिवस ही संख्या मी विसरू शकत नाही.

यात आम्हा दोघांपैकी आळशी कोणीच नव्हते. दुष्टावा तर दूरच. उलट आमच्यात भरपूर स्नेह होता. मी त्यांना ‘दिवस कोण मोजतो आहे?’ असे विचारले नाही, कारण विचारणे म्हणजे गुरूवर अविश्वास दाखविणे वाटले. त्यांनी मला ‘अर्ज गेला काय?’ असे विचारले नाही, कारण नव्या गोष्टी आपल्याला कळत नाहीत हे उघड झाले असते. माझा आदर आणि त्यांचा संकोच या दोन चांगल्या गोष्टींच्या मध्ये एक माणूस तेवीस दिवस अडकून पडला.

म्हणून मामा-भाच्यांच्या निम्म्या-निम्म्या खर्चाविषयी मला जे वाटले ते नैतिक स्वरूपाचे होते. खर्च वाटता येतो, आनंद वाटता येतो, वाटल्याने तो वाढतोही. जबाबदारी वाटल्याने मात्र बहुधा निम्मी होत नाही, ती दोघांच्या मध्ये कोठेतरी पडून राहते. आपल्या देवळांतून हे कोणी पाहिले नसेल? नंदादीपात तेल घालण्याची पाळी एका घरी असते तोवर दिवा जळतो. दोन घरांकडे मिळून पाळी दिली की एखाद्या पहाटे काळोख सापडतो, आणि दोन्ही घरची माणसे खऱ्या दुःखाने म्हणतात, “आम्हांस वाटले तुम्ही घातले.”

मग जुन्याने नव्याशेजारी बसूच नये काय? शिकलेले एकमेकांना देऊच नये काय? या प्रश्नाचे उत्तर मला वनपर्वातील नलोपाख्यानात मिळाले. ती कथा आपण नल-दमयंतीच्या वियोगाची म्हणून ऐकतो. त्यातील प्रवासाकडे आपले लक्ष जात नाही. अयोध्येचा राजा ऋतुपर्ण एका दिवसात विदर्भातील कुंडिनपुरास पोचू पाहतो. सारथी बाहुक, म्हणजे विरूप झालेला नल. बाहुकाला अश्वविद्या येते, राजाला संख्येची आणि फाशांची विद्या येते. रथ इतका वेगाने जातो की, राजाचे उत्तरीय खाली पडल्याचे तो सांगतो तोवर ते योजनभर मागे राहिलेले असते. वाटेत बेहड्याचा वृक्ष लागतो आणि राजा त्याची पाने-फळे किती ते नुसत्या नजरेने सांगतो. बाहुकाला ही विद्या हवी आहे. त्याचे गेलेले राज्यच फाशांत गेलेले आहे. तो काय करतो? तो रथ थांबवितो. राजा घाईत आहे, उशीर होईल म्हणून विनवितो. तरीही बाहुक खाली उतरतो, वार्ष्णेयाला घोड्यांचे लगाम धरावयास सांगतो, आणि मग मोजून खातरजमा करून घेतो. नवी विद्या तो घेतो ती जमिनीवर उभा राहून, आणि ती घेताना लगाम कोणाच्या हाती आहे हे नाव घेऊन सांगून.

त्याहून सुंदर भाग पुढचा. मोबदल्यात राजाला अश्वविद्या मिळावयाची आहे. ती तो वाटेत शिकत बसत नाही. ‘ती तूर्त तुझ्याचपाशी ठेव म्हणून राहू दे,’ असे तो बाहुकाला सांगतो. कायद्याच्या विद्यार्थ्याला निक्षेप हा शब्द येथे पाहून गंमत वाटते. पण त्यातील विवेक मोठा आहे. वेग असताना सारथी बदलू नये, हे त्या राजाला कळत होते. आजचे विमानशिक्षकही हेच शिकवितात. सुकाणू एकाकडून दुसऱ्याकडे देताना ‘तुम्ही घ्या’, ‘मी घेतले’, ‘तुम्ही घेतले’ असे तीनदा मोठ्याने बोलावयाचे, म्हणजे मनातल्या मनात कोणी काही गृहीत धरू नये. मामी जे विचारीत होत्या ते याहून वेगळे नव्हते.

राहता राहिले मामा. सराव सुटलेल्या मनुष्याचे आपण काय करावे, हा प्रश्न विमानापुरता नाही. तो आपल्या प्रत्येक घरात आहे, आणि उद्या तो आपल्याविषयीच विचारला जाणार आहे. मौसलपर्वात अर्जुन द्वारकेतील स्त्रिया-मुलांना घेऊन निघतो. वाटेत आभीर येऊन पडतात. ज्या धनुष्याने कुरुक्षेत्र जिंकले ते चढविताना त्याला कष्ट पडतात, अस्त्रे आठवत नाहीत, भाते रिकामे होतात. आपल्या वाङ्मयात याहून करुण प्रसंग थोडे असतील. परंतु व्यासांनी कथा तेथे सोडलेली नाही. उरलेल्यांना घेऊन अर्जुन इंद्रप्रस्थास पोचतो आणि कृष्णाच्या वंशातील वज्राला तेथे बसवून मगच परततो. धनुष्य ऐकेनासे झाले म्हणून त्याचे काम संपले नाही. त्याचे काम बदलले. धर्म एवढाच मागतो की, काम बदलले आहे हे त्या माणसाने स्वतः ओळखावे आणि भोवतालच्यांनी ते त्याला अपमान न करता सांगावे. खोट्या आदराने गांडीव हाती देत राहणे ही वृद्धांची सेवा नव्हे. त्यात आपण सांगण्याचे कष्ट वाचवितो, आणि किंमत तिसराच कोणी भरतो.

मी दोघांना सांगितले ते असे: कायद्याने तुम्ही उद्या उडू शकता, पण तसे करू नका. भाच्याने आधी विमान जमिनीवर उभे करून पडद्यांचा अभ्यास पुरा करावा आणि नंतर त्या यंत्रणेच्या शिक्षकाबरोबर उडावे. मामांनी खरोखर सुकाणूला हात लावावयाचा असेल तर उतारूच्या आडोशाने लावू नये. स्वतःच्या नावाने शिक्षक घ्यावा आणि ‘माझा सराव तीस वर्षे सुटला आहे’ हे वाक्य त्याला पहिल्याने सांगावे. त्यानंतर दोघांनी बरोबर जावे आणि निघण्यापूर्वी कप्तान कोण हे मोठ्याने बोलावे.

मामा जरा रुसले. “परीक्षा द्यायला लावतोस मला,” असे म्हणून गेले. पण नाताळात त्यांनी तसेच केले. फेब्रुवारीत परतल्यावर ते मला भेटावयास आले तेव्हा म्हणाले, “शिक्षक माझ्या नातवाच्या वयाचा होता. पहिल्या तासात मी तीन चुका केल्या. तिन्ही मला पूर्वी कधी झाल्या नसत्या.” थोड्या वेळाने म्हणाले, “आणि तिन्ही वेळा मला वाटत होते, मी बरोबर आहे.” पुढे ते भाच्याबरोबर दोन तास उडाले, उतारू म्हणून, सुकाणू पाच मिनिटे हाती घेतले, मागून घेतले आणि सांगून परत दिले. एकदा डावीकडून येणारे दुसरे विमान त्यांनी भाच्याच्या आधी पाहिले, हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला. बाहेर पाहण्याचे काम त्यांना नेमून दिलेले होते आणि ते त्यांनी चोख केले.

मी माझ्या कचेरीत एक लहान बदल केला आहे. प्रत्येक फाइलच्या वरच्या पानावर लाल शाईने एक नाव लिहितो: पुढील तारीख कोण सांभाळणार त्याचे. एकच नाव. गुरुजी अजूनही कधी कधी येऊन बसतात, जुन्या निवाड्यांची आठवण करून देतात, माझ्या मसुद्यांतील पोकळ जागा दाखवितात. परवा एका फाइलवरचे माझे नाव त्यांनी वाचले आणि काही न बोलता ती माझ्याकडे सरकविली. त्या एकसष्टाव्या दिवसाविषयी आम्ही आजवर कधी बोललेलो नाही. मला वाटते, ते बोलणे तेवढ्यात झाले.

‘मी आहे ना’ हे शब्द आपल्या घरांतील फार मोठे धन आहेत. त्यांच्या आधारावर मुले झोपी जातात, आजारी माणसे धीर धरतात. ते शब्द सोडावेत असे मी म्हणणार नाही. ते उच्चारताना हातात नेमके काय धरले आहे, तेवढे मात्र जोडीला सांगावे.